पाळणा कोणी थांबवायचा?

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, इंदापूर तालुक्यात, नीरा नदी भीमेला मिळते. या संगमावर नीरा नरसिंहपूर हे गाव आहे. इथला लक्ष्मी-नृसिंह महाराष्ट्रातल्या अनेक घराण्यांचं कुलदैवत. लग्न झालं की नव्या जोडप्यानं कुलदैवताला जाऊन यायचं ही आपल्याकडची जुनी रीत. वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना नव्या नवरीला पिढ्यान्‌पिढ्या एकच आशीर्वाद मिळत आला : ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’.

या आशीर्वादाकडे जरा गणिताच्या नजरेनं पाहू. पुत्र आठ. मुलगा किंवा मुलगी होण्याची शक्यता जवळजवळ सारखीच असते, म्हणजे आठ पुत्रांसाठी सरासरी सोळा बाळंतपणं हवीत. त्यातल्या आठ मुलींचा आशीर्वादात उल्लेखही नाही. आणि सोळा वेळा बाळंतीण होऊन ती बाई जगलीच पाहिजे, हेही त्यात गृहीत धरलेलं आहे.

आज हा आशीर्वाद शब्दशः कोणी घेत नाही. २०१९-२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातला एकूण जननदर १.७ आहे. म्हणजे आजच्या दरानं एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी पावणेदोन मुलंसुद्धा होत नाहीत. सोळापासून पावणेदोनपर्यंतचा हा प्रवास कसा झाला? आणि त्याची किंमत कोणी मोजली? पहिला प्रश्न नेहमी विचारला जातो. दुसरा फारसा विचारला जात नाही. या लेखात आपल्याला दोन्ही पाहायचे आहेत.

आधी एक हिशेब

‘पूर्वीची माणसं अडाणी होती म्हणून त्यांना खूप मुलं व्हायची’ असं उत्तर वर्गात हमखास येतं. ते बरोबर नाही. पूर्वीच्या माणसांचा हिशेब त्यांच्या परिस्थितीत चोख होता. तो आपण मांडून पाहू.

बारामती-इंदापूर हा मुळात पर्जन्यछायेतला कोरडवाहू मुलूख. नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये आला, त्याआधी सगळी भिस्त पावसावर. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ, १८९६ नंतरचा प्लेग, १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ हे सगळं दीड-दोन पिढ्यांच्या आयुष्यात येऊन गेलं. शिवाय देवी, हगवण, हिवताप आणि धनुर्वात कायमचे होतेच. अशा काळात जन्मलेल्या मुलांपैकी निम्मी मोठी होतात असं हिशेबासाठी धरू.

आता एका शेतकरी जोडप्याला वाटतं, म्हातारपणी आधाराला किमान एक मुलगा तरी हवा, आणि याची खात्री शंभरात पंचाण्णव तरी असावी. तर त्यांना किती मुलं व्हायला हवीत?

प्रत्येक बाळंतपणात मुलगा होण्याची शक्यता १/२, तो जगण्याची शक्यता १/२. म्हणून ‘जगणारा मुलगा’ मिळण्याची शक्यता १/४ आणि न मिळण्याची ३/४. दहा बाळंतपणांनंतरही एकही मुलगा हाताशी नसण्याची शक्यता ३/४ चा दहावा घात, म्हणजे ५.६ टक्के उरते. अकराव्या बाळंतपणानंतर ती ४.२ टक्क्यांवर येते. उत्तर : अकरा मुलं.

पुढे लसी आल्या, स्वच्छ पाणी आलं, प्रतिजैविकं आली. समजा, शंभरातली पंचाण्णव मुलं जगू लागली. आता जगणारा मुलगा मिळण्याची शक्यता ०.४७५. हाच हिशेब पुन्हा केला तर उत्तर येतं पाच. वैद्यकशास्त्रानं अकराचे पाच केले. हे काही थोडं नाही, पण पाच म्हणजे दोन नव्हेत.

आता दुसरी बाजू. मृत्यूचं प्रमाण जुनंच, निम्म्याचं ठेवू, पण जोडप्याची अट बदलू. ‘मुलगाच हवा’ ऐवजी ‘मुलगा किंवा मुलगी, कोणीही चालेल’. मग अकराऐवजी पाच मुलं पुरतात. आणि दोन्ही गोष्टी एकदम झाल्या, मुलं जगू लागली आणि मुलीला मुलाइतकंच मानलं गेलं, तर उत्तर येतं एक!

हा हिशेब दहावीतली मुलं फळ्यावर करू शकतात. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट उघड होते. कुटुंब लहान होण्यात डॉक्टरांच्या कामाइतकाच वाटा मुलीकडे पाहण्याच्या नजरेचा आहे. आमच्या मते लोकसंख्येच्या धड्यात हे वाक्य असायला हवं.

तीन गणितज्ञ

महाराष्ट्रात या प्रश्नाला हात घालणारी जी पहिली माणसं, त्यांतली तिघं गणिताची होती हा योगायोग गमतीचा आहे. तिघंही एकमेकांच्या नात्यातली, आणि त्यांच्या जन्मसालांत बरोबर चोवीस-चोवीस वर्षांचं अंतर : १८५८, १८८२ आणि १९०६.

पहिले धोंडो केशव कर्वे. १८९१ पासून ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई बाळंतपणात वारल्या. अण्णासाहेबांनी पुढे विधवेशी विवाह केला, विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं. स्त्रीनं शिकावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा त्या पिढीचा मुद्दा होता. तिला मुलं किती व्हावीत हा प्रश्न त्या पिढीनं उघडपणे उच्चारला नाही.

तो उच्चारला त्यांच्या मुलानं, रघुनाथरावांनी. आईचा मृत्यू झाला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. तेही गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र उघडलं, म्हणजे आपण जगाच्या मागे नव्हतो. या कामामुळे १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावा लागला. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

रघुनाथरावांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी स्वतःला मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. त्यासाठी शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

रघुनाथराव देशाच्या लोकसंख्येचा आकडा घेऊन बोलत नव्हते. त्यांचा मुद्दा एका बाईपुरता होता : तिचं शरीर, तिचं आरोग्य, तिची इच्छा. म्हणूनच त्यांना इतका विरोध झाला. संयमाचा उपदेश करणाऱ्यांना लोक मान देत. डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला मार्गारेट सँगर गांधीजींना भेटल्या, तेव्हा स्त्रियांचा भार हलका व्हावा याबद्दल दोघांचं दुमत नव्हतं, पण गांधीजींना ब्रह्मचर्याखेरीज दुसरा उपाय मान्य नव्हता. १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तो फेटाळला गेला.

तिसऱ्या शकुंतला परांजपे. रँग्लर परांजप्यांच्या या मुलीनं केंब्रिजला गणिताचा ट्रायपॉस केला, जिनिव्हात काम केलं आणि १९३८ पासून पुण्यात संततिनियमनाच्या प्रचाराला वाहून घेतलं. पुढे त्या विधानपरिषदेत आणि राज्यसभेत गेल्या. १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. रघुनाथरावांना ज्या विषयासाठी दंड झाला, त्याच विषयासाठी शकुंतलाबाईंना सन्मान मिळाला. समाजाची नजर किती बदलते, हे मोजायला याहून चांगली पट्टी नाही.

पुरुषांची शस्त्रक्रिया बायकांची कशी झाली?

१९५२ मध्ये भारतानं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम घेणारा हा जगातला पहिला देश. १९६० च्या दशकात लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर आला, १९६५ मध्ये ‘लूप’ आला, १९६८ मध्ये ‘निरोध’ आला. आणि नसबंदीची शिबिरं भरू लागली.

या शिबिरांत कोण जात असे? आज ऐकून आश्चर्य वाटेल, पण प्रामुख्यानं पुरुष. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशात होणाऱ्या दर दहा नसबंद्यांपैकी आठ-नऊ पुरुषांच्या होत्या. खेड्यातला पुरुष शस्त्रक्रियेला तयार होत नाही, हा समज निदान त्या काळाला लागू पडत नाही.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या, त्यातल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना ‘केसेस’ आणण्याचे कोटे दिले गेले, पगार अडवले गेले, बळजबरी झाली. महाराष्ट्र विधिमंडळानं तर तीन मुलं असलेल्यांना नसबंदी सक्तीची करणारं विधेयक १९७६ मध्ये मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं त्याचा कायदा झाला नाही.

१९७७ च्या निवडणुकीत त्याचं उत्तर मिळालं. पुढच्या वर्षी नसबंद्या साडेनऊ लाखांवर घसरल्या आणि त्यात पुरुष दोन लाखांहूनही कमी. यानंतर कार्यक्रमाचं नाव ‘कुटुंबनियोजन’ ऐवजी ‘कुटुंबकल्याण’ झालं. पण उद्दिष्टांचे आकडे कायम राहिले, फक्त ते आता बायकांकडून पुरे केले जाऊ लागले. पुरुष मतपेटीतून रागावू शकतो हे राज्यकर्त्यांना कळलं होतं. घरातल्या सुनेच्या रागाची तेवढी भीती कोणाला वाटली नाही. वरून ठरवून दिलेली ही उद्दिष्टं अखेर १९९६ मध्ये काढली गेली.

२०१९-२१ ची पाहणी पाहा. महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुष-नसबंदीचं प्रमाण शंभर जोडप्यांमागे एकाहूनही कमी. देशभरातल्या पुरुषांना विचारलं तेव्हा शंभरातल्या सुमारे पस्तीस जणांनी ‘गर्भनिरोध ही बायकांची बाब आहे, पुरुषानं त्यात लक्ष घालू नये’ या विधानाला होकार दिला. ज्या उपायाची सुरुवात महाराष्ट्रात एका गणिताच्या प्राध्यापकानं स्वतःच्या देहापासून केली, तो पुरुषांनी असा सोडून दिला.

शरीरशास्त्र काय सांगतं?

दोन शस्त्रक्रियांची तुलना करू. पुरुषाच्या वीर्यवाहिन्या वृषणकोशाच्या कातडीखाली, बोटांना चाचपता येतील इतक्या वर असतात. तेवढा भाग बधिर करून लहानशा छिद्रातून त्या बांधता येतात. १९७४ मध्ये चीनमध्ये निघालेल्या पद्धतीत तर चाकूही लागत नाही. काही वेळात माणूस घरी जातो. स्त्रीच्या बीजवाहिन्या मात्र पोटाच्या आत, ओटीपोटात असतात. त्यांच्यापर्यंत जायचं तर पोट उघडावं किंवा छेदावं लागतं. तिथे संसर्गाचा, रक्तस्रावाचा आणि भुलीचा धोका साहजिकच जास्त.

‘पुरुषानं केली तर ताकद जाईल, कष्टाचं काम जमणार नाही’ ही भीती घरोघर असते, आणि बहुतेक वेळा ती आई किंवा बायकोच बोलून दाखवते. शरीरशास्त्रात तिला आधार नाही. वृषणात दोन स्वतंत्र कामं चालतात. शुक्रजंतू तयार होऊन नळीवाटे बाहेर जातात. पुरुषी संप्रेरक मात्र थेट रक्तात मिसळतं, त्याला ही नळी लागतच नाही. नळी बांधली तरी संप्रेरक तेवढंच राहतं, म्हणून दाढी, आवाज, स्नायू, इच्छा यांत फरक पडत नाही. शेताच्या भाषेत सांगायचं तर एका चारीचं दार बंद केलं म्हणून विहिरीचं पाणी आटत नाही. एक काळजी मात्र घ्यावी लागते. नळीत आधीच असलेले शुक्रजंतू संपायला सुमारे तीन महिने लागतात, तोवर दुसरं साधन वापरावंच लागतं. हे न सांगितल्यामुळे किती संसारांत नाहक संशय शिरला असेल!

‘तिला मुलीच होतात’ या दूषणाचंही तसंच. १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेनं पिठातल्या अळ्यांच्या पेशी तपासून दाखवलं, की लिंग ठरवणारा फरक नराच्या शुक्रजंतूंत असतो. माणसातही मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरतं. या शोधाला शंभराहून अधिक वर्षं झाली. तरीही ‘मुलगा होत नाही’ म्हणून टोमणे ऐकते ती सूनच.

हिशेबातला चोरदरवाजा

आपल्या सुरुवातीच्या हिशेबात अकराचे पाच वैद्यकशास्त्रानं केले आणि पाचाचा एक व्हायला मुलीला समान मानणं लागत होतं. पण लोकांनी तिसरी वाट काढली. मुलं दोनच हवीत, आणि त्यांत मुलगा हवाच. सोनोग्राफीच्या यंत्रानं ही वाट सोपी केली. गर्भलिंगचाचणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानं केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. कुटुंब लहान झालं, पण नजर मोठी झाली नाही. नुसता जननदर पाहून प्रगती मोजता येत नाही, ती यामुळे.

आणखी एक उदाहरण इंदापूर-बारामतीच्या उसाच्या फडातलंच. कालव्याच्या पाण्यावर इथे ऊस आला, साखर कारखाने आले, आणि दर हंगामात बीड, अहिल्यानगरकडून तोडणी कामगार येऊ लागले. फडात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मजुरी कोयत्याला, उचल नवऱ्याच्या नावावर, खाडा पडला तर दंड. पाळीच्या दिवसांत किंवा अंगावरून जात असताना मोळ्या वाहायच्या कशा? बीड जिल्ह्यात अशा अनेक बायकांची गर्भाशयं तरुण वयातच काढली गेली होती, हे २०१९ मध्ये उघड झालं आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ‘मुलं झाली, आता पिशवीचं काय काम?’ या एका प्रश्नात सगळं आलं. बाईचं शरीर म्हणजे मुलं होण्याचं साधन, ही अष्टपुत्रांच्या काळातली समजूत दोन मुलांच्या काळातही तशीच राहिली आहे.

वर्गात काय करता येईल?

दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा आणि संततिनियमनाचा भाग आहे. ‘घरी वाचून घ्या’ म्हणून तो मागे टाकला जातो. शिक्षकमित्रहो, तो वर्गात शिकवावा, मुलामुलींना एकत्र बसवून शिकवावा, अशी आमची विनंती आहे. सुरुवात आकड्यांनी केली तर संकोच कमी होतो.

मुलांना तीन रकाने आखायला सांगा : आजीची पिढी, आईची पिढी, आपली पिढी. पहिल्या ओळीत झालेली मुलं, दुसऱ्या ओळीत जगलेली मुलं, तिसऱ्या ओळीत लग्नाच्या वेळी बाईचं वय, चौथ्या ओळीत ती किती शिकली. माहिती आजीला विचारूनच मिळवायची, आणि ज्यांना द्यायची नसेल त्यांच्यावर सक्ती करायची नाही. वह्यांवर नावं नकोत. सगळ्या वर्गाचे आकडे एकत्र करून सरासरी काढा. तीन पिढ्यांचा आलेख फळ्यावर उभा राहील, आणि तो कुठल्याही पुस्तकातल्या आलेखापेक्षा खरा वाटेल. शिकलेल्या वर्षांचा रकाना चढत जातो तसा मुलांचा रकाना उतरतो का, हे मुलांनाच शोधू द्या.

शस्त्रक्रिया कोणी केली, हा प्रश्न घरी विचारायला लावू नये, तो खाजगी आहे. पण राज्याचा आकडा फळ्यावर लिहावा : बायका जवळजवळ पन्नास, पुरुष एकाहून कमी. शेजारी दोन्ही शस्त्रक्रियांच्या आकृत्या काढाव्यात आणि मुलांना विचारावं, सोपी कोणती, धोका कोणात कमी, आणि मग आकडे उलटे का?

याचं उत्तर जीवशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. पण प्रश्न विचारायची सवय तिथे लागू शकते. आज नववी-दहावीत बसलेली मुलं दहा-बारा वर्षांनी संसारात पडतील. त्यांच्यातल्या मुलग्यांना ‘ही माझीही बाब आहे’ एवढं जरी पटलं, तरी रघुनाथरावांनी शंभर वर्षांपूर्वी घातलेलं गणित पुढे सरकेल.